डाव्या उताराचा चाकू

रोपवाटिकेत दोन तऱ्हेची माणसं होती. बसणारी आणि वाकणारी. बसणारी म्हणजे आंब्याची कलमं बांधणारी. त्यांना जाळीच्या सावलीत बुटकं स्टूल, मांडीवर टाकायला गोणपाट आणि दिवसातून दोनदा जागेवर चहा. वाकणारी म्हणजे माती चाळणारी, पिशव्या भरणारी, भरलेल्या पिशव्या पाटीत रचून जाळीपर्यंत वाहणारी. वाकणाऱ्या सगळ्या बायका. बसणाऱ्यांत चार पुरुष आणि एक मावशी.

मावशीला कुणी बसवलं नव्हतं. ती आपली आपण बसली होती. वीस वर्षांपूर्वी एक कलमवाला तापानं घरी पडला, तेव्हा हिनं हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि त्याच्या स्टुलावर जाऊन बसली. तेव्हाचे मालक, म्हणजे आत्ताच्या मालकांचे वडील, ओरडत आले तोवर हिची अकरा कलमं बांधून झाली होती. अकरातली दहा लागली. मग म्हाताऱ्यानं तोंड मिटलं. माणसाचा अपमान विसरता येतो, पण दहा लागलेली कलमं समोर उभी असली की काय बोलणार?

आता मावशी साठीला आली होती आणि तिच्या उजव्या डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा आला होता. डोळ्याच्या दवाखान्यात जा म्हणून मालक दोन वर्षं मागे लागले होते. मावशी म्हणायची, "जाईन की, डोळा कुठं पळून चाललाय." काप बरोबर बसला की नाही हे ती आता अंगठ्यानं चाचपून बघायची.

त्या वर्षी पावसानं अशी पाठ फिरवली की शेतात कुणाला काम उरलं नाही. वाकणाऱ्या बायकांत नवीन तोंडं आली. त्यातली एक डावरी. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथंच राहायचं. विळा, झाडू, पळी, सगळं ती डाव्या हातानं धरायची म्हणून माहेरी ती डावरी होती आणि सासरी आल्यावर सासूनं तेच नाव पुढं चालवलं, जरा जास्त मीठ लावून.

घरात नवरा, सासू आणि पाचवीतली मुलगी. नवरा दुसऱ्यांच्या शेतात नांगरट-पेरणी करायचा. जमीन कोरडी ठणठणीत, तेव्हा तोही घरी. अशात वीटभट्टीचा मुकादम येऊन गेला. दीड महिन्यानं लॉरी येईल, म्हणाला, पण एकटा माणूस नको, नवरा-बायकोची जोडी पाहिजे. एकानं मातीचा गारा तुडवायचा, एकानं विटा पाडायच्या. सहा महिने तिकडंच. मुलगीही सोबत, कारण गुडघ्यांमुळं सासूला स्वतःलाच उठवत नव्हतं.

"आणि शाळा?" डावरीनं विचारलं.

"सहा महिन्यांनी येऊन बसेल परत," नवरा म्हणाला. पण ते म्हणताना त्यानं मुलीकडं बघितलं नाही. भट्टीवर गेलेल्या पोरी परत शाळेत बसत नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. पिशव्या भरायचं काम दोन महिन्यांत संपणार होतं. कलमांचं काम मात्र वर्षभर असायचं.

जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका डबा संपवून आडव्या व्हायच्या. डावरी कलमवाल्यांच्या स्टुलांखाली पडलेल्या आंब्याच्या काड्या वेचायची आणि डब्याबरोबर आणलेल्या ब्लेडच्या तुकड्यानं त्यांना टोक काढत बसायची. चार दिवस मावशीनं बघून घेतलं. पाचव्या दिवशी हाक मारली.

"काय गं, दात कोरायच्या काड्या करतेस का?"

डावरी उठून उभी राहिली. हातातली काडी तिनं पदराआड नेली.

"लपवू नकोस. आण इकडं." मावशीनं काडी घेतली, टोकावर अंगठा फिरवला. "ब्लेडनं केलंस? बस खाली."

कलमवाल्यांपैकी एक जण त्याच महिन्यात शहरात निघून गेला होता. त्याचं स्टूल रिकामं होतं. मावशीनं तिला त्यावर बसवलं, आपला जुना चाकू तिच्या हातात दिला आणि करून दाखवलं. पिशवीतल्या रोपाचा, म्हणजे खुंटाचा, शेंडा उडवायचा. मधोमध उभी चीर द्यायची. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. पाचर चिरेत बसवायची, साल सालीला भिडली पाहिजे. मग प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची आणि वरून पारदर्शक पिशवीची टोपी.

"साल सालीला भिडली की झाड आपलं काम करतं. आपलं काम फक्त भेट घालून द्यायचं. मध्ये फट राहिली की दोघंही सुकतात."

समोरच्या स्टुलावर लांब्या बसायचा. सहा फुटांचा माणूस, बुटक्या स्टुलावर बसला की गुडघे कानाला लागायचे. तो म्हणाला, "मावशी, डाव्या हातानं बांधलेलं झाड खाली उगवेल हो."

"तुझे गुडघे वर उगवलेत ते बघ आधी," मावशी म्हणाली.

तीन दिवसांच्या सुट्ट्यांत डावरीनं तीस कलमं बांधली. तिनं घरी कुणाला सांगितलं नाही. नवव्या दिवशी सकाळी ती पाटी घेऊन जाळीत गेली तर तिसाच्या तीस काड्या काळ्या पडल्या होत्या. एकही वाचली नव्हती. लांब्यानं काड्यांकडं बघितलं आणि चहा प्यायला लागला. त्या चहाचा तिला जास्त राग आला.

घरी ती गोष्ट तिच्या आधी पोचली. सासू दारातच बसली होती.

"स्टुलावर बसलीस म्हणे."

"हो."

"आणि सगळी जाळलीस."

डावरी हातपाय धुवायला गेली. मागून सासूचा आवाज आलाच. "लहानपणीच त्या हातावर दोन द्यायला हव्या होत्या तुझ्या आईनं. हाताला यश नाही तर माती उपसावी माणसानं, मातीला काही कळत नाही."

नवरा ऐकत होता. तो म्हणाला, "मुकादमाला हो म्हणून सांगितलंय मी." त्याच्या आवाजात राग नव्हता. ते जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं जो उपाय काढला तो कुठल्याही मास्तरानं काढला असता. "उजव्या हातानं कर," ती म्हणाली. डावरीनं चाकू उजव्या हातात घेतला. पहिली काडी मोडली, दुसरीला पाचर वाकडी झाली, तिसरीला चाकू सटकून डाव्या अंगठ्यात घुसला. रक्त गोणपाटावर ठिबकलं. तरी मावशी म्हणाली, "सवय होईल. पुन्हा कर." डावरीनं फडकं बांधून पुन्हा केलं. चाकू नकळत डाव्या हातात गेला तेव्हा मावशीनं त्या हातावर चापटी मारली.

डावरीनं चाकू खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही. "शाळेत बाईंनीपण असंच मारलं होतं," ती म्हणाली. "म्हणून मी चौथीनंतर गेले नाही."

मावशी चापटी मारलेला आपलाच हात मांडीवर पालथा ठेवून बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. आजवर तिच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं, लांब्यानं मान वर करून बघितलं.

त्या संध्याकाळी मुलगी गृहपाठाला बसली आणि पेन्सिल मोडली. टोकयंत्र हरवलं होतं. डावरीनं विळी सरकवून भाजीचा चाकू घेतला आणि पेन्सिल तासायला लागली. अंगठ्याला फडकं असूनही तासणं सरळ येत होतं. लाकडाचा गुळगुळीत, सपाट उतार. तिनं तो बोटानं चाचपला. मग पेन्सिल दिव्याजवळ धरून बघितली. हात तोच. हाताला यश नाही तर मग हे कसं झालं? मुलगी म्हणाली, "आई, किती टोक काढतेस, संपली पेन्सिल." निम्मी पेन्सिल खरंच संपली होती.

सकाळी ती भाजीचा चाकू कमरेला खोचून कामावर गेली. लांब्या म्हणाला, "आज कांदे बांधायचेत वाटतं." तिनं लक्ष दिलं नाही. मावशीसमोर बसून तिनं दोन काड्या तासल्या, एक कलमाच्या चाकूनं, एक भाजीच्या, दोन्ही डाव्या हातानं. आणि न बोलता मावशीच्या हातात दिल्या.

मावशीनं डोळे मिटून अंगठा फिरवला. कलमाच्या चाकूची काडी मध्ये खोलगट होती, पन्हळीसारखी, चिरेत बसवली की फट राहणारच. भाजीच्या चाकूची सपाट, पण जरा खरबरीत. मावशीनं दोन्ही चाकू हातात घेऊन पात्यांवर बोट फिरवलं. भाजीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी उतार होता. कलमाच्या पात्याला एकाच बाजूनं उतार, दुसरी बाजू सपाट. उजव्या हातात धरला की सपाट बाजू लाकडाला लागते आणि काप सरळ येतो. डाव्या हातात धरला की उतार लाकडाकडं, आणि पातं आपलं आपण बाहेर फेकलं जातं.

"अगं बाई," मावशी म्हणाली. "या चाकूला बाजू आहे."

तिनं दोन्ही चाकू शेजारी शेजारी ठेवले. "वीस वर्षं मी हा चाकू धरला. याला बाजू आहे हे मला कधी कळलंच नाही. कळणार कसं, ती माझीच बाजू होती."

दोघी सुट्टीत धारवाल्याकडं गेल्या. रस्त्याच्या कडेला त्याचं पायानं फिरवायचं चाक. त्यानं चाकू उलटापालटा करून बघितला. "उतार दुसरीकडं पाडू? पातं निम्मं झिजेल."

"झिजू दे."

"आजवर कुणी मागितलं नाही असलं."

"डावरे लोक काय आजच जन्माला आले?" मावशी म्हणाली. "बिचारे तुझ्या चाकूनं बोटं कापून घरी बसले असतील. फिरव चाक."

ठिणग्या उडत राहिल्या. डावरी टाचांवर बसून बघत होती. आपल्या हातासाठी कुणीतरी एखादी वस्तू बदलतंय, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. आजवर हातच बदलायला सांगितलं होतं सगळ्यांनी.

मावशी तिला घेऊन मालकांकडं गेली. मालक वाईट माणूस नव्हते, हट्टी होते. "तीस जाळलीत तिनं," ते म्हणाले. "रिकामं स्टूल शोभेला नाही ठेवलेलं. बरं, शंभर खुंट देतो. एकवीस दिवसांनी मी स्वतः मोजेन. ऐंशी फुटली तर स्टूल तिचं. एकोणऐंशी झाली तरी नाही."

शंभर कलमं बांधायला तिला चार दिवस लागले. मावशीनं एकही स्वतः बांधलं नाही, फक्त टोपी घालायच्या आधी प्रत्येकावर अंगठा फिरवला. सात कलमं तिनं सोडवून पुन्हा बांधायला लावली. शेवटचं झालं त्या दिवशी तिघांनी, म्हणजे डावरीनं, मावशीनं आणि लांब्यानं, आपापली शंभराची, चाकांवरची रुंद पाटी एकाच जाळीत शेजारी शेजारी ठेवली.

आता वाट बघायची. टोपी मध्ये उघडायची नसते, आतला ओलावा गेला की कलम गेलं. बाहेर तर हवा अशी कोरडी होती की ओठ फुटत होते. डावरी दिवसभर पाट्या वाहायची आणि येताजाता टोप्यांकडं बघायची. आतून वाफ धरली होती, दिसत काहीच नव्हतं.

सोळाव्या दिवशी लॉरी आली.

सकाळची वेळ होती. मुकादम लॉरीला टेकून उभा होता, आत सहा-सात जोड्या बोचक्यांवर बसल्या होत्या. नवऱ्यानं पत्र्याची पेटी आणि अंथरुणाची वळकटी वर चढवली होती. मुलगी दप्तर छातीशी धरून उभी होती, ते कुठं ठेवायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

डावरी आदल्या दिवशी मावशीला विचारून आली होती, लागतील का? मावशीनं सरळ सांगितलं होतं, "झाडाचं मी सांगू शकत नाही. तुझ्या कापांचं सांगते. काप चांगले आहेत."

"मी येत नाही," डावरी म्हणाली.

नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. "पाच दिवसांसाठी? आणि नाही लागली तर? खायचं काय, त्या टोप्या?"

"नाही लागली तर माती उपसेन. पण बघितल्याशिवाय जाणार नाही."

मुकादमानं घड्याळ बघितलं. "जोडी असेल तर चढा. एकट्याचं मला काम नाही."

सासू उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती. आता ही काय बोलणार म्हणून डावरीनं मान खाली घातली. सासू म्हणाली, "मी गेले होते भट्टीवर, पाच वर्षं. हे गुडघे तिथलेच आहेत." तिनं मुलाकडं बघितलं. "पेटी उतरव."

त्यानं पेटी उतरवली. उतरवताना ती त्याच्या पायाच्या अंगठ्यावर आपटली आणि तो कुणालाच उद्देशून नसलेली एक शिवी हासडून आत गेला. दोन दिवस तो बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "वाऱ्यानं टोप्या उडत तर नाहीत ना?"

एकविसाव्या दिवशी मालक सकाळीच जाळीत आले. पिशव्या भरणाऱ्या बायका घमेली टाकून जाळीबाहेर उभ्या राहिल्या. त्यांना कुणी कामाला पिटाळलं नाही. मालकांनी पहिली टोपी काढली. काडीच्या टोकाला तांबूस कोंब आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. दुसरी फुटली होती. तिसरी काळी. मालक खालच्या आवाजात मोजत पुढं सरकले. पन्नासच्या पुढं गेल्यावर बायकांनीही मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली, ओठ हलताना दिसत होते.

शेवटच्या ओळीत एकामागोमाग चार काळी निघाली.

"सत्त्याहत्तर," मालक म्हणाले.

डावरीनं काळ्या काड्यांकडं बघितलं, तेवीस. तिला फक्त तीन हव्या होत्या. ती पाटीच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"वाईट नाही," मालक म्हणाले, त्यांनाही बरं वाटत नव्हतं. "पण ऐंशी ठरलं होतं. शब्द म्हणजे शब्द."

"शब्द तुमचाच खरा," मावशी म्हणाली. "आता ही शेजारची पाटीपण मोजा."

"ती लांब्याची आहे."

"तीच. एकाच दिवशी ठेवलीय, एकच हवा, एकच पाणी."

लांब्या उभा राहिला, म्हणजे खूप उंच झाला. "माझं कशाला मोजायचं? दहा वर्षांत कुणी मोजलं नाही."

"म्हणून तर," मावशी म्हणाली.

मालकांनी क्षणभर विचार केला आणि वाकून टोप्या काढायला लागले. हट्टी माणसाचं हेच बरं असतं, मोजायला घेतलं की तो मध्ये सोडत नाही. लांब्याची पाटी एकाहत्तर भरली. लांब्यानं कान खाजवला आणि म्हणाला, "हवाच कोरडी होती यंदा."

"हिच्यासाठी ओली होती का?" बाहेरून कुणीतरी बाई म्हणाली आणि सगळ्याजणी हसल्या.

मालक हसले नाहीत. ऐंशी हा आकडा आपण कुठून आणला, हे ते आठवत असावेत. ते काही बोलणार एवढ्यात मावशीनं तिसरी पाटी त्यांच्यापुढं ओढली. तिची स्वतःची.

"मावशी, तुमची नको," ते म्हणाले.

"का नको? मोजा."

अठ्ठावन्न भरली.

आता मात्र जाळीत कुणाला तोंड वर करवेना. वीस वर्षं जिच्या हाताच्या गोष्टी सांगितल्या जात होत्या तिची बेचाळीस कलमं काळी पडून सगळ्यांसमोर होती. डावरीला वाटलं, ती पाटी उचलून कुठंतरी नेऊन ठेवावी.

मावशी स्वच्छ आवाजात म्हणाली, "डोळ्यानं दिसत नाही मला. दोन वर्षं झाली. अंगठ्यावर चालवत होते, तो सगळं सांगत नाही. दवाखान्यात गेले नाही कारण माझं स्टूल चार दिवस रिकामं राहिलं असतं तर पाचव्या दिवशी त्यावर कुणीतरी बसलं असतं, आणि ती बाई नसती. मग या सगळ्यांनी बघायचं कुणाकडं?" तिनं जाळीबाहेरच्या बायकांकडं हात केला. "आता मी जाते. हिला बसवा. मी परत आले की माझीही परीक्षा घ्या, शंभर खुंटांची. नाही जमलं तर पिशव्या भरेन, ते मला येतं."

मालकांनी तिन्ही पाट्यांकडं बघितलं. मग त्यांनी खिशातून हजेरीची वही काढली, पान उलटलं आणि पेन हातात धरून डावरीला विचारलं, "नाव काय तुझं पूर्ण?"

तिनं सांगितलं. पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मालकांनी ते कलमवाल्यांच्या पानावर लिहिलं, लांब्याच्या खाली.

"आणि लांब्या," जाताना ते म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून सगळ्यांचं मोजायचं."

बायका आपापल्या घमेल्यांकडं वळल्या, पण त्यातल्या दोघी रेंगाळत होत्या, सत्त्याहत्तर कोंबांकडं वाकून बघत. डावरी मावशीजवळ गेली. तिला खूप काही बोलायचं होतं. ते सगळं सोडून तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला माहीत होतं का, अठ्ठावन्नच निघतील म्हणून?"

"छे गं," मावशी म्हणाली आणि कमरेचं गोणपाट सोडून घडी घालायला लागली. "मला वाटलं होतं चाळीस निघतील."